अंतसमयीची हळहळ आणि नित्याची आलोचना

॥ श्री वीतरागाय नमः ॥

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगलप्रसंगी वक्त्याने मृत्यूविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींना कदाचित रुचणार नाही. परंतु जैन परंपरेने मृत्यूला अमंगल मानलेले नाही. ज्या धर्मात समाधिमरणाची भावना नित्याच्या प्रार्थनेत केली जाते, जेथे मृत्यूला महोत्सव म्हटले जाते, त्या धर्माच्या अनुयायांनी या विषयाकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही. शिवाय पन्नास वर्षांचा टप्पा हा हिशेबाचा टप्पा असतो. संस्था आज मागे वळून आपला ताळेबंद पाहत आहे. त्याच निमित्ताने आपण प्रत्येकाने स्वतःच्या आयुष्याचा ताळेबंद पाहावा, एवढ्याच हेतूने मी आजचा विषय निवडला आहे. मनुष्याला अंतसमयी कशाची हळहळ वाटते, आणि ती वाटू नये म्हणून आपल्या धर्माने कोणती सोय करून ठेवली आहे, हा तो विषय होय.

मरणोन्मुखांचे बोल

आसन्नमरण माणसाच्या मनाचा अभ्यास आधुनिक काळात विशेषत्वाने सुरू झाला तो इंग्लंडमध्ये. डॉ. सिसिली सॉन्डर्स या विदुषीने १९६७ साली लंडन येथे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस ही संस्था उघडली. जेथे रोग बरा होण्याची आशा संपली आहे, तेथेही रुग्णाची सेवा संपत नाही, हे त्यांचे सूत्र होते. त्या स्वतः आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर झाल्या होत्या. मरणाऱ्या माणसाची वेदना केवळ शरीराची नसते. ती मनाची, नात्यांची आणि आत्म्याचीही असते, असे त्यांनी आग्रहाने मांडले. आपल्याकडे मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती आवेदना सदन सुरू झाले आणि भारतातील या कार्याचा पाया घातला गेला.

पुढे ऑस्ट्रेलियातील ब्रॉनी वेअर या सेविकेने, अनेक वर्षे मरणोन्मुख रुग्णांची त्यांच्या घरी राहून शुश्रूषा केल्यानंतर, त्यांच्या तोंडून वारंवार ऐकलेल्या पाच खंती लिहून काढल्या. २०११ साली त्यांचे पुस्तक निघाले व ते जगभर वाचले गेले. त्या खंतींचा आशय असा : लोकांच्या अपेक्षेप्रमाणे जगलो, स्वतःच्या विवेकाप्रमाणे जगण्याचे धैर्य झाले नाही, कामाच्या मागे इतके धावायला नको होते, मनातले बोलायचे राहून गेले, जुने स्नेही दुरावू दिले, आणि आनंदी राहणे आपल्या हाती असूनही राहिलो नाही. हे काही मोजमाप करून काढलेले निष्कर्ष नव्हेत. एका सेवाभावी स्त्रीच्या कानांवर पडलेले ते बोल आहेत. परंतु ते वाचताना आपल्या ओळखीचे कोणी बोलत आहे असेच वाटते.

या पाचांत एक गोष्ट लक्षात येण्याजोगी आहे. धन कमी मिळाले, घर लहान राहिले, मान कमी मिळाला, अशी खंत त्यांत नाही. आयुष्यभर ज्या गोष्टींसाठी आपण भांडतो, त्यांचा उल्लेखही शेवटी होत नाही.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. नजीकच्या काळात माणसाला केलेल्या चुका अधिक टोचतात. पण संपूर्ण आयुष्याकडे मागे वळून पाहताना मात्र जे केलेच नाही, ते अधिक सलते. केलेल्या चुकीची भरपाई होते, क्षमा मागता येते, काळ जखम भरून काढतो. न केलेल्या गोष्टीला मात्र शेवट नसतो.

आपल्या शास्त्रकारांनी या न करण्याला एक नेमका शब्द दिला आहे, प्रमाद. कर्मबंधाच्या कारणांत मिथ्यात्व, अविरती, कषाय व योग यांच्या पंक्तीला प्रमादालाही बसवले आहे. उत्तराध्ययन सूत्राच्या दहाव्या अध्ययनात भगवान महावीर आपल्या पट्टशिष्याला, गौतमस्वामींना, प्रमादाविषयी पुनःपुन्हा सावध करतात. एवढ्या ज्ञानी शिष्यालाही जो इशारा द्यावा लागला, तो आपल्यासारख्या संसारी माणसांना किती आवश्यक असेल!

पश्चात्ताप आणि आर्तध्यान

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. हळहळणे आणि पश्चात्ताप होणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. अंथरुणावर पडल्या पडल्या ‘असे झाले असते तर’ या विचाराने रात्ररात्र तळमळणे, याला आपल्याकडे आर्तध्यान म्हणतात. त्याचे चार प्रकार सांगितले आहेत : अप्रिय गोष्ट दूर व्हावी म्हणून झुरणे, प्रिय गोष्टीच्या वियोगाने झुरणे, शरीराच्या वेदनेतच मन गुंतून राहणे, आणि पुढच्या भोगांची अभिलाषा धरणे. या ध्यानाने दोष धुतला जात नाही, उलट नवीन कर्म बांधले जाते.

खरा पश्चात्ताप निराळा. तो दोषाला नाव देतो, गुरूंसमोर अथवा आत्मसाक्षीने तो उघड करतो, ज्याचे वाईट केले त्याची क्षमा मागतो, शक्य तेथे भरपाई करतो, आणि पुन्हा तसे न करण्याचा नियम घेतो. यालाच आपण आलोचना, निंदा, गर्हा, प्रतिक्रमण व प्रत्याख्यान अशी नावे देतो. हळहळ माणसाला भूतकाळात कोंडते. आलोचना त्याला तेथून बाहेर काढते.

आपल्या समाजात बहुसंख्य मंडळी व्यापारी आहेत, म्हणून व्यापारातलाच दाखला देतो. ज्याची रोजकीर्द रोजच्या रोज लिहिली जाते, खतावणी वेळेवर होते, त्याला दिवाळीच्या वहीपूजनाची भीती वाटत नाही. ज्याने वर्षभर चिठोऱ्या गल्ल्यात कोंबून ठेवल्या, त्याची मात्र धनत्रयोदशीला झोप उडते. प्रतिक्रमणाची रचना अशीच आहे. दिवसाचे, रात्रीचे, पंधरवड्याचे, चातुर्मासाचे, वर्षाचे, अशी क्रमवार प्रतिक्रमणे सांगून मूलाचारासारख्या ग्रंथात शेवटी उत्तमार्थ प्रतिक्रमण सांगितले आहे. ते आयुष्याच्या अखेरीस, सर्व जीवनाचे करावयाचे. याचा अर्थ असा की, अंतसमयीची आलोचना ही आधीच्या हजारो लहान आलोचनांची बेरीज आहे. ज्याने लहान हिशेब कधी केलेच नाहीत, त्याच्यावर शेवटचा मोठा हिशेब एकदम कोसळतो.

आपल्या घरांतील चार गाठी

आता परदेशातील उदाहरणे बाजूला ठेवू या आणि आपल्या गावातील, आपल्या घरांतील स्थिती पाहू या. माझ्या मते आपल्या समाजातील वृद्धांच्या मनात शेवटी चार गाठी राहतात.

पहिली गाठ वैराची. दोन सख्खे भाऊ. दुकानाच्या वाटणीवरून किंवा शेताच्या बांधावरून बोलणे थांबले. एकाच मंदिरात दोघेही अभिषेकाला येतात, पण एक पूर्वेच्या दाराने जातो, दुसरा उत्तरेच्या. दशलक्षण पर्व संपले की क्षमावणी होते. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले जाते. पूर्वी छापील पत्रे पाठवली जात, आता मोबाइलवरून एकच संदेश पाचशे जणांना जातो. ज्यांच्याशी कधी भांडणच झाले नाही, त्या सर्वांची क्षमा मागून होते. ज्या एकाची मागायला हवी, तो मात्र त्या यादीतून वगळलेला असतो! आणि मग वर्षे जातात. भाऊ अतिदक्षता विभागात असल्याचा निरोप येतो, धावत जावे तर तो शुद्धीवर नसतो. त्यानंतर मांडवात ढसाढसा रडणारा माणूस मृत्यूसाठी रडत नसतो, तो न गेलेल्या दहा पावलांसाठी रडत असतो.

दुसरी गाठ न बोललेल्या शब्दांची. आपल्या घरांत माया भरपूर, पण ती बोलून दाखवण्याचा संकोच फार. पन्नास वर्षे जिने सूर्यास्तापूर्वी गरम जेवण वाढले, चौविहार सांभाळला, साधूंच्या आहाराची शुद्धी पाळली, पाहुणे-रावळे केले, तिला ‘तुझ्यामुळे माझा संसार झाला’ एवढे वाक्य ऐकायला मिळत नाही. वडील मुलाची स्तुती शेजाऱ्याजवळ करतात, मुलाजवळ नाही. डॉ. आयरा बायॉक या अमेरिकन उपशामक वैद्यकाच्या तज्ज्ञांनी, अनेक वर्षे मरणोन्मुख रुग्णांवर उपचार केल्यानंतर, निरोपापूर्वी बोलण्यासारख्या चार गोष्टी सांगितल्या आहेत : मला क्षमा कर, मी तुला क्षमा केली आहे, तुझे उपकार आहेत, आणि माझे तुझ्यावर प्रेम आहे. यांतील पहिल्या दोन गोष्टी आपल्याला बाळपणापासून ठाऊक आहेत. क्षमा मागणे व क्षमा करणे ही तर क्षमापनेची दोन अंगेच होत. उरलेल्या दोन आपण शिकून घेतल्या पाहिजेत.

तिसरी गाठ परिग्रहाची. ‘कामाच्या मागे इतके धावायला नको होते,’ असे तो ऑस्ट्रेलियन रुग्ण म्हणतो, तेव्हा तो नकळत आपल्या पाचव्या अणुव्रताविषयीच बोलत असतो. परिग्रह-परिमाण म्हणजे गरिबी नव्हे. कोठे थांबायचे हे सुस्थितीत असतानाच ठरवून ठेवणे, हे त्याचे मर्म आहे. ज्याने मर्यादा ठरवली नाही, त्याला मर्यादा मृत्यूच घालून देतो. ज्यांनी वेळेवर हात सैल केला, त्यांची नावे आपल्यासमोर आहेत. मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी मोत्यांच्या व्यापारातून मिळालेले धन धर्मशाळा आणि विद्यार्थ्यांची बोर्डिंगे यांसाठी आपल्या हयातीतच वाहिले. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही, मोडले. ‘उरले तर मागाहून देऊ’ असे त्या माउलीने म्हटले नाही. मृत्यूनंतर वारसांनी दिलेली देणगी चांगलीच. पण तिचा आनंद देणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

चौथी गाठ बोलायला अवघड आहे, तरीही बोलतो. ती लेकीबाळींच्या हक्काची. वडिलांच्या निधनानंतर महिना उलटत नाही तोच तलाठ्याकडील वारसनोंदीची घाई होते आणि बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. वारसाहक्काच्या बाबतीत आपणा जैनांना १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क मिळाला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. बहीण स्वेच्छेने हक्क सोडत असेल, तर तो तिचा त्याग आहे आणि त्याला वंदन केले पाहिजे. परंतु माहेर तुटेल या भीतीने तिने केलेली सही हे दान नव्हे. आपल्या धर्मात चोरीला ‘अदत्तादान’ म्हणतात, म्हणजे न दिलेले घेणे. सही घेतली म्हणून दिले असे होते का, हा प्रश्न भावांनी देवासमोर उभे राहून स्वतःला विचारावा. पुष्कळ वडील मंडळी हे सारे जाणून असतात. ‘पोरीला काही द्यायचे राहिले’ असे शेवटच्या आजारात पुटपुटतात. तोवर मृत्युपत्र करण्याची वेळ निघून गेलेली असते. वास्तविक मृत्युपत्रासाठी स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. शुद्धीवर असताना केलेली सही आणि दोन साक्षीदार लागतात. इतक्या सोप्या गोष्टीला आपण वर्षानुवर्षे ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो. यालाच प्रमाद म्हणायचे.

सल्लेखनेचा धडा

आता सल्लेखनेकडे वळतो. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात तिचा क्रम सांगितला आहे, तो नीट पाहिला म्हणजे आश्चर्य वाटते. सामान्य समजूत अशी की, सल्लेखना म्हणजे अन्नत्याग. परंतु तेथे अन्नाचा त्याग पुष्कळ नंतर येतो. आधी स्नेह, वैर, आसक्ती व परिग्रह यांचा त्याग. मग स्वजन-परिजनांना प्रिय वचनांनी क्षमा करणे व त्यांची क्षमा मागणे. मग आपण केलेल्या, दुसऱ्याकडून करवलेल्या आणि मूकपणे संमती दिलेल्या सर्व पापांची निष्कपट आलोचना. मग शोक, भय, खेद यांचा त्याग. आणि त्यानंतर आहार क्रमाक्रमाने कमी करणे. म्हणजे आधी कषायांची सल्लेखना, मग कायेची. ज्या चार गाठींचा मी उल्लेख केला, त्या सर्व या क्रमात अन्नाला हात लावण्यापूर्वीच सुटलेल्या असतात.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या व्रताचे पाच अतिचार दिले आहेत : अधिक जगण्याची इच्छा, लवकर मरण्याची इच्छा, मित्रानुराग, भोगलेल्या सुखांचे स्मरण, आणि निदान म्हणजे फळाची अभिलाषा. यांतील मित्रानुरागापाशी जिज्ञासू माणूस अडखळतो. पाश्चात्त्य रुग्ण म्हणतो, मित्रांना जपायला हवे होते. आणि आपले शास्त्र म्हणते, अंतसमयी मित्रांची ओढ हा दोष आहे. मग खरे काय?

मला वाटते, दोन्ही खरे आहेत. जे नाते पूर्णत्वाने जगले, ज्यात देणे-घेणे, बोलणे, क्षमा, कृतज्ञता सारे वेळच्या वेळी झाले, ते नाते निरोपाच्या वेळी ओढत नाही. ज्यात काही अडकून राहिले आहे, तेच नाते पदराला धरते. पिकलेले फळ देठापासून आपोआप सुटते, कच्चे फळ ओढून तोडावे लागते. वैराग्य म्हणजे माणसांकडे पाठ फिरवणे नव्हे. माणसांचे ऋण फेडून मोकळे होणे म्हणजे वैराग्य.

चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांचे समाधिमरण आपल्या समाजाच्या स्मरणात आहे. भोज गावच्या पाटील घराण्यातील सातगोंडा हेच पुढे आचार्य झाले. दृष्टी मंदावली, चालताना जीवरक्षा नीट होईना, मुनिधर्म निर्दोष पाळता येईना, म्हणून १४ ऑगस्ट १९५५ रोजी त्यांनी कुंथलगिरी या सिद्धक्षेत्रावर सल्लेखना स्वीकारली. या काळात त्यांनी आपले आचार्यपद वीरसागर महाराजांकडे सोपवले आणि ८ सप्टेंबर रोजी मराठीतून अखेरचा उपदेश केला, तो ध्वनिमुद्रितही झाला. १८ सप्टेंबर १९५५ रोजी पहाटेनंतर त्यांनी देह ठेवला. जबाबदारी सोपवली, सांगायचे ते सांगितले, आणि शांतपणे गेले. अपुरे असे काही मागे ठेवले नाही.

जैन कुळात न जन्मलेल्या आचार्य विनोबा भावे यांनीही नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न व औषध घेण्याचे थांबवले आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, म्हणजेच महावीर निर्वाणदिनी, त्यांचे निधन झाले. सर्व जैन संप्रदायांना मान्य असा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ त्यांच्याच प्रेरणेने भगवान महावीरांच्या पंचविसाव्या निर्वाण-शताब्दीच्या काळात सिद्ध झाला होता.

या व्रताविषयी २०१५ साली मोठा वाद झाला. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा हा आत्महत्येसारखा गुन्हा ठरवला. २४ ऑगस्टला देशभर आपल्या समाजाने मूक मोर्चे काढले. आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. मोर्चात आपण सारे चाललो, हे योग्यच झाले. परंतु व्रताचे रक्षण करणाऱ्यांनी त्याच्या मर्यादाही तितक्याच कटाक्षाने पाळल्या पाहिजेत. अपरिहार्य संकट, अतिवार्धक्य, अथवा ज्यावर इलाज नाही असा रोग, अशाच स्थितीत, गुरूंच्या अनुमतीने व पूर्ण जाणतेपणी हे व्रत घ्यावयाचे असते. निराशेने, एकाकीपणाने अथवा घरात आपले ओझे होते या भावनेने मरण मागणाऱ्याला सल्लेखनेचा अधिकार नाही. मरण्याची इच्छा हाच तेथे अतिचार आहे. अशा माणसाला उपचार आणि आधार यांची गरज असते. आणि दुसऱ्या कोणी, मग तो सख्खा मुलगा का असेना, वृद्धाला हे व्रत सुचवणे किंवा त्याचा आग्रह धरणे तर सर्वथा निषिद्ध समजावे.

सत्य सांगण्याचे धैर्य

आणखी एका प्रथेकडे आपले लक्ष वेधतो. घरात कोणाला असाध्य आजार झाला, की नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतात, ‘पेशंटला काही सांगू नका.’ हेतू प्रेमाचाच असतो. पण परिणाम काय होतो? ज्याला आलोचना करायची आहे, भावाला बोलावून घ्यायचे आहे, लेकीच्या हातावर काही ठेवायचे आहे, नियम घ्यायचे आहेत, त्याला वेळ उरला नाही हेच ठाऊक नसते. बहुतेकांना ते मनातून उमगलेले असते. तेही आपल्यासाठी नाटक करतात, आपण त्यांच्यासाठी नाटक करतो, आणि त्या दुहेरी नाटकात शेवटचे अमूल्य दिवस सरून जातात. समाधिमरणाची पहिली अट जाणीव ही आहे. ती काढून घेणे म्हणजे त्या जीवाची साधना काढून घेणे होय. सारे एकदम सांगावे असे नाही. तो विचारील तेवढे, त्याला पेलेल तेवढे, मायेने, पण खरे सांगावे. सत्याणुव्रत रुग्णाच्या खाटेपाशी संपत नाही.

त्याचप्रमाणे वेदनाशमनाविषयीही गैरसमज आहेत. वेदना सोसणे म्हणजे कर्मनिर्जरा, म्हणून औषध नको, असे काही जण रुग्णाच्या वतीने ठरवून टाकतात. स्वतःच्या इच्छेने, समताभावाने सोसलेली वेदना ही निर्जरा. दुसऱ्याने लादलेली वेदना ही केवळ उपेक्षा, आणि अशा वेदनेत मन आर्तध्यानातच बुडते. कर्करोगाच्या वेदनांवर मॉर्फिनसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगी पडतात, आणि ती मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना सुलभतेने मिळावीत म्हणून २०१४ साली अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्तीही झाली आहे.

ज्यांना अखेरीस यंत्रांच्या आधाराने आयुष्य लांबवणे नको असेल, त्यांच्यासाठीही मार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निर्णयाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करता येते, आणि आपल्या वतीने बोलणाऱ्या विश्वासू माणसांची नावे त्यात देता येतात. यामुळे नातेवाइकांची एक मोठी खंत टळते. ‘आम्ही फार केले की फार कमी केले’ हा प्रश्न त्यांच्या डोक्यावर जन्मभर राहत नाही.

काय करता येईल?

बंधू-भगिनींनो, नुसत्या विवेचनाने काही साधत नाही. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने काही नम्र सूचना करतो.

१. येत्या क्षमावणीला किंवा संवत्सरीला प्रत्येकाने फक्त एका घरी स्वतः चालत जावे. ज्या घराचा उंबरठा अनेक वर्षांत ओलांडला नाही, नेमके तेच घर निवडावे. शंभर संदेशांपेक्षा ती एक पायपीट मोलाची आहे. समोरच्याने दार लावून घेतले तरी आपली गाठ सुटलेली असेल.

२. रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे दैवसिक आलोचना करावी. सूत्रे पाठ असतील तर उत्तमच. नसतील तर आजच्या दिवसात कोणाला दुखावले आणि काय टाळले, एवढे दोनच प्रश्न साध्या मराठीत स्वतःला विचारावेत.

३. साठी ओलांडलेल्या प्रत्येकाने मृत्युपत्र, देणे-घेणे, ठेवी व दानाचे संकल्प यांची व्यवस्था या वर्षात लावावी, आणि तसे करताना मुलगा व मुलगी या दोघांनाही समोर बसवावे.

४. ट्रस्टने आजारी व एकाकी वृद्धांच्या भेटीसाठी स्वयंसेवकांचे एक मंडळ नेमावे. शास्त्रात वैयावृत्त्य हे आभ्यंतर तपांत गणले आहे. मंदिराच्या शिखराला सोन्याचा कळस चढवण्याइतकेच, पाय सुजलेल्या एखाद्या आजींच्या उशाशी बसून णमोकार मंत्र म्हणणे हेही पुण्यकर्म आहे.

५. ज्या वडीलधाऱ्यांनी गेल्या पन्नास वर्षांत या संस्थेसाठी घाम गाळला, त्यांतील जे हयात आहेत, त्यांच्या आठवणी आताच ऐकून, लिहून घ्याव्यात. श्रद्धांजलीच्या सभेत आपण जे बोलतो, ते त्यांना ऐकू येत नाही. ते शब्द त्यांच्या समोर बसून बोलू या.

शेवटी एकच सांगतो. आपल्या हातून काही राहिलेच नाही, असा माणूस या सभागृहात नसेल. छद्मस्थ जीवाच्या आयुष्यात उणिवा राहणारच. म्हणूनच आपल्या आचार्यांनी निर्दोष मनुष्याची अपेक्षा न धरता, दोष जाणणाऱ्या मनुष्यासाठी हा मार्ग आखून ठेवला. त्या मार्गावर चालण्यास वयाची अट नाही आणि मुहूर्तही लागत नाही. आपण आज सभा संपवून घरी जाल, तेव्हा रस्त्यात कोणाचे तरी घर लागेल. त्या दारावरून पुढे जायचे की क्षणभर थांबायचे, एवढा निर्णय जरी आपण केलात, तरी या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी मानीन.

माझ्या बोलण्यात शास्त्राला सोडून काही आले असेल, कोणाच्या अंतःकरणाला ठेच लागली असेल, तर मन, वचन, कायेने सर्वांची क्षमा मागतो.  संस्थेच्या पुढील वाटचालीस शुभकामना व्यक्त करून येथेच थांबतो.

जय जिनेंद्र!